ताटातलं डावं-उजवं

मराठी पंगतीत पान वाढायची एक रीत आहे. सगळ्यांत आधी पानाच्या वरच्या अंगाला मीठ येतं, चिमूटभर. त्याच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी. मधोमध भाताची मूद, वर वरण आणि तूप. काय किती खायचं हे कुणी सांगत नाही, कारण ते वाढायच्या साधनातच ठरलेलं असतं. मिठाला चिमूट, लोणच्याला चमचा, भाजीला पळी, आमटीला ओगराळं. लोणचं वाढायला आलेल्या माणसाच्या हातात ओगराळं कधी दिसत नाही.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून बसलेली ही मांडणी आजच्या पोषणशास्त्राच्या बरीच जवळ जाते. चवीला लागणाऱ्या पण जास्त झाल्या तर बाधणाऱ्या गोष्टींची जागा डावीकडे, पोट भरणाऱ्या गोष्टी उजवीकडे आणि मध्ये. कोशिंबीर मात्र डावीकडे अडकून राहिली, तिच्याबद्दल पुढे येईलच. गेल्या दोन-तीन पिढ्यांत घराघरांतलं खाणं बिघडलं ते मुख्यतः या मापांच्या बाबतीत. मीठ, साखर आणि तेल आपापली जागा सोडून सगळीकडे पसरले. शिवाय दिवसभरातलं बरंचसं खाणंपिणं हल्ली ताटात येतच नाही. सकाळचा चहा, त्यात बुडवलेलं बिस्किट, कचेरीतला अकराचा चहा, दुपारी चारची फरसाणाची वाटी, प्रवासातली थंड पेयाची बाटली. जे ताटात नाही त्याला डावी बाजू नाही आणि उजवीही नाही. त्याचं मापच कुणी ठरवलेलं नाही.

याचे परिणाम आता मोजून झाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणखी १३ कोटी ६० लाख. राज्यांमध्ये सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. उच्च रक्तदाबाचं प्रमाण देशभरात ३५ टक्क्यांच्या वर होतं.

हे आकडे ऐकले की सडपातळ माणूस निश्चिंत होतो. ती निश्चिंती किती पोकळ आहे हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका साध्या उदाहरणातून दाखवलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं आणि जॉन युडकिन या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं एक छायाचित्र छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता, २२.३. दोघंही अंगाने बेताचे. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय शरीर वरून बारीक दिसतं, पण आत स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाभोवती. कपड्यांचं माप वाढलं नाही म्हणून सगळं ठीक आहे, असा हिशेब आपल्याला लागू पडत नाही.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोंची. त्या अभ्यासातला एक निष्कर्ष स्वयंपाकघराच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे. बाळाच्या वजनाशी आईने खाल्लेल्या एकूण उष्मांकांचा फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध ती किती वेळा खाते-पिते याच्याशी. नुसतं पोट भरणं आणि शरीराला लागणारं मिळणं यांतलं अंतर इतक्या स्पष्टपणे क्वचितच समोर येतं.

मग रोजच्या खाण्यात बदल करायचा तर सुरुवात कुठून करावी? जी गोष्ट रोज, न चुकता आणि न कळता होते, तिच्यापासून. मराठी घरात ती गोष्ट म्हणजे चहा.

चहाचा सपाट भरलेला एक चमचा साखर म्हणजे साधारण ५ ग्रॅम. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप धरले तर ४० ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेल्या साखरेतून, तसंच मध आणि रसांतल्या साखरेतून, दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक यावेत; ५ टक्क्यांच्या खाली आणता आले तर अधिक चांगलं. २००० उष्मांकांच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. चार कप चहा पिणाऱ्या माणसाने जेवायला बसण्याआधीच त्यातला मोठा वाटा संपवलेला असतो, आणि त्याला तो ‘गोड खाणं’ मानतही नाही. महिन्याच्या हिशेबात एका माणसाची सव्वा किलोच्या आसपास साखर फक्त चहात जाते. कपामागे दोनाचा एक चमचा केला, तर वर्षाला सात किलोंहून अधिक साखर वाचते. त्यासाठी कुठलं व्रत लागत नाही, डाएटचा तक्ता लागत नाही. एकदम बंद करायला गेलं की चहा बेचव लागतो आणि आठ दिवसांत पूर्ववत होतं. दर पंधरवड्याला अर्धा अर्धा चमचा कमी केला तर जीभ हळूहळू सरावते.

साखरेऐवजी गूळ घातला की प्रश्न सुटतो, असा समज अलीकडे फार पसरला आहे. गुळाच्या चहाची दुकानं गावोगाव निघाली. कोल्हापूरचा गूळ चवीला उत्तम आहे, त्याला भौगोलिक मानांकनही आहे, त्यात थोडं लोह आणि इतर खनिजं असतात. पण गुळाचा बहुतेक भाग साखरच असते आणि उष्मांकही जवळपास तितकेच. मधुमेह्याच्या रक्ताला गुळातली साखर आणि पांढरी साखर यांत फरक करता येत नाही. चवीसाठी गूळ जरूर घ्यावा, पण तोही चमच्याने मोजूनच. दुसरीकडे, वजन कमी करण्यासाठी कृत्रिम गोडी वापरू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये दिला, कारण दीर्घकाळात त्याने वजन घटल्याचा पुरावा मिळत नाही. गोडाची ओढच थोडी कमी करणं हा रस्ता लांबचा वाटतो, पण तो खात्रीचा आहे.

चहाबरोबर बिस्किट येतं, आणि बिस्किटाबरोबर पाकीट.

पाकिटाची पुढची बाजू विकण्यासाठी असते. तिच्यावर गव्हाच्या ओंब्या, दुधाची धार, धावणारी मुलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं ते कायद्याने छापावं लागतं, म्हणून ते वाचण्यासारखं असतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचं बंधन आहे. म्हणजे जे नाव पहिलं, ते सर्वांत जास्त. यादीची सुरुवात मैदा, साखर, पाम तेल अशी असेल, तर पुढे ओट्स, नाचणी, मध, बदाम यांची कितीही नावं असोत, तो पदार्थ मैदा, साखर आणि पाम तेलाचाच आहे. मैदा कधी ‘रिफाइंड गव्हाचं पीठ’ या नावाने येतो. साखरेची तर अनेक रूपं असतात: इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज. एकाच यादीत यांतली तीन नावं वेगवेगळ्या जागी आली की साखरेचा एकूण वाटा नजरेतून सुटतो.

त्याखालच्या तक्त्यात दर १०० ग्रॅममागचे आकडे असतात. बहुतेक गोड बिस्किटांत १०० ग्रॅममागे २० ते ३० ग्रॅम साखर सापडते, म्हणजे चौथा हिस्सा. इथे एक सावधगिरी हवी. ‘एका वाढणीमागे’ असा जो रकाना असतो त्यात वाढणी किती ग्रॅमची धरली आहे ते पाहावं. वाढणी २० ग्रॅमची आणि पाकीट ८० ग्रॅमचं असेल, आणि घरात ते पाकीट एका बैठकीत संपत असेल, तर छापलेल्या आकड्याला चाराने गुणावं लागतं. सोडियमचा आकडा मिलीग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. पाकिटावर ८०० मिलीग्रॅम सोडियम लिहिलं असेल, तर ते २ ग्रॅम मीठ झालं.

मुलांच्या बाबतीत हे वाचन अधिक गरजेचं आहे. दुधात घालायच्या गोड पावडरी वर्षानुवर्षं ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकल्या गेल्या. एप्रिल २०२४मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं त्या नावाखाली न दाखवण्यास सांगितलं, कारण अन्न सुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा वेष्टनांवरून काढायला लावला. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२०पासून आहे. २०२५च्या मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कोणत्या पेयात किती साखर, हे मुलांना चालता-बोलता दिसावं, ही कल्पना खरोखर चांगली आहे. ती प्रत्येक जिल्हा परिषदेच्या शाळेतही पोहोचायला हवी.

थंड पेयांमध्ये दर १०० मिलिलिटरमागे १० ते ११ ग्रॅम साखर असणं नेहमीचं आहे. ३०० मिलीची बाटली म्हणजे सहा चमच्यांहून जास्त. चहात सहा चमचे साखर घातली तर घशाखाली उतरणार नाही. पेय थंडगार असतं आणि त्यात आंबटपणा असतो, म्हणून तीच साखर सहज उतरते. उसाचा रस नैसर्गिक खरा, पण त्यातही १२ ते १५ टक्के साखर असते. फळांच्या रसाचंही तसंच. तीन-चार संत्र्यांचा रस दोन मिनिटांत पिऊन होतो, तीच संत्री सोलून खायला पंधरा मिनिटं लागतात, मध्येच पोट भरतं आणि चोथाही पोटात जातो.

आपल्याकडे तर पेयांची वानवा कधीच नव्हती. जिरं-कोथिंबीर घातलेलं पातळ ताक, कोकणातली आणि गोव्यातली सोलकढी, कोकमाचं आगळ पाण्यात कालवून केलेलं आंबटसर पेय, उन्हाळ्यातलं वाळ्याचं पाणी. यांतल्या कशालाही साखर लागत नाही. ताकाचा आणखी एक गुण आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसतं, त्यामुळे शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही आणि ताकातूनच मिळतं. जेवणानंतर पाण्याऐवजी वाटीभर ताक पिण्याची सवय शाकाहारी घरात म्हणूनच मोलाची आहे. मीठ मात्र त्यात हलक्या हाताने पडावं.

मिठाची गोष्ट साखरेपेक्षा अवघड आहे, कारण ते दिसत नाही. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. सरासरी भारतीय माणूस ८ ग्रॅमच्या आसपास मीठ खातो. पाश्चात्त्य देशांत मीठ मुख्यतः तयार पदार्थांतून येतं. आपल्याकडे त्याचा मोठा भाग अजूनही घरच्या स्वयंपाकातून येतो. ही बातमी वाईट वाटली तरी तिच्यात दिलासा आहे, कारण घरचा चमचा आपल्याच हातात असतो. भाजीत मीठ, आमटीत मीठ, भातात मीठ, पोळीच्या कणकेत मीठ, आणि तरी ताटात वर चिमूट. यांतली दोन ठिकाणं सहज गळू शकतात. भात आणि पोळी अळणी केली तर चवीला फरक पडत नाही, कारण ती ज्याच्याशी खायची त्यात मीठ असतंच. लोणचं आणि पापड टिकतात ते मिठाच्या जोरावर. त्यांची जागा डावीकडेच, आणि तीही रोज भरलेली असावी असं नाही. भजीत, ढोकळ्यात घालायच्या सोड्यातही सोडियम असतं. सैंधव मीठ ‘चांगलं’ म्हणून हात सैल सोडला जातो, पण तेही जवळपास पूर्णपणे सोडियम क्लोराइडच आहे. शिवाय त्यात आयोडीन घातलेलं नसतं. आयोडीनयुक्त मीठच खाण्यासाठी विकण्याची सक्ती भारतात २००६पासून आहे आणि गलगंडाच्या इतिहासाकडे पाहता ती योग्य आहे.

मीठ बदलल्याने किती फरक पडू शकतो, याचा भक्कम पुरावा उत्तर चीनमधून आला. तिथल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर पाच वर्षं एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठी ओलांडलेले आणि रक्तदाब असलेले लोक त्यात होते. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्या गावांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ. बाकी स्वयंपाक जसाच्या तसा. पक्षाघाताचं प्रमाण दुसऱ्या गटात १४ टक्क्यांनी कमी झालं. असं कमी सोडियमचं मीठ आपल्याकडेही मिळतं. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा रक्तातलं पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू आहेत, त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यांच्यासाठी जादा पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं.

तेलाचा हिशेब त्या मानाने सोपा आहे, कारण ते महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत लिहिलेलं असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४मध्ये भारतीयांसाठी १७ मार्गदर्शक सूत्रं प्रसिद्ध केली. त्यांतल्या २००० उष्मांकांच्या नमुना ताटात दिवसाला माणशी २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. महिन्याचं गणित केलं तर माणशी जेमतेम ९०० मिली आणि चौघांच्या घराला साधारण साडेतीन लिटर. पाच लिटरचा डबा अशा घरात सहा आठवडे पुरायला हवा. तो तीन आठवड्यांत संपत असेल तर कुठल्याही तपासणीशिवाय उत्तर हातात येतं. फोडणीला बाटली तिरपी करण्याऐवजी चमच्याने मोजून तेल घालणं एवढ्याने बराच फरक पडतो. तेल घाण्याचं असो वा रिफाइंड, करडईचं असो वा शेंगदाण्याचं, एक ग्रॅम तेलाचे उष्मांक ९च. घाण्याचं तेल आरोग्याचं म्हणून दुप्पट वापरलं तर फायदा उरत नाही.

तेलाच्या बाबतीत सरकारी नियमांनी एक मोठं काम केलं आहे, ते सांगायला हवं. वनस्पती तुपाचा डबा १९३७मध्ये ‘डालडा’च्या रूपाने भारतीय घरांत आला. द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होतात, आणि हृदयविकाराच्या दृष्टीने ही सर्वांत वाईट चरबी. खारी, नानकटाई, टोस्ट, मिठाया यांतून ती पोटात जात राहिली. तेल आणि चरबीतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा १ जानेवारी २०२१ला ३ टक्क्यांवर आणि वर्षभरात, १ जानेवारी २०२२ला, २ टक्क्यांवर आणली गेली. राहतो तो पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचा प्रश्न. तळण झाल्यावर उरलेलं काळपट तेल पुढच्या तळणीला वापरण्याची काटकसर महागात पडते. ते एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावं. फेस येत असेल किंवा खवट वास येत असेल तर टाकून द्यावं.

आता ताटाच्या मध्यभागाकडे. सोलापूर आणि मराठवाड्यात ज्वारीची भाकरी ही जेवणाची ओळख होती. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. १९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी आणि वाटली गेलेली सुकडी जुन्या लोकांच्या आठवणीत पक्की आहे. पुढे गहू स्वस्त आणि मुबलक झाला, पोळी प्रतिष्ठेची झाली आणि भाकरी मागे पडली. आता भाकरीला पुन्हा चांगले दिवस आले आहेत. २०२३ हे तर आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. पण या उत्साहात एक गोष्ट निसटते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, बाजरीत आणि नाचणीत ११च्या आसपास. आणि कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठातही सुमारे ११. मैद्यात मात्र पावणेतीन आणि पांढऱ्या तांदळातही तेवढेच. म्हणजे खरी दरी कोंडा ठेवलेल्या आणि कोंडा काढलेल्या पिठात आहे. गिरणीतून आणलेलं पीठ मैद्याच्या चाळणीने चाळून कोंडा फेकणाऱ्या घरात गव्हाचा निम्मा गुण कचऱ्यात जातो. नाचणीचा वेगळा मान आहे तो कॅल्शियममुळे: १०० ग्रॅममध्ये ३४० मिलीग्रॅमहून अधिक, गाईच्या दुधाच्या दुपटीपेक्षा जास्त.

त्याहून महत्त्वाचा धडा इंडियाब पाहणीच्या २०२५मध्ये आलेल्या आहारविषयक निष्कर्षांत आहे. भारतीय माणसाच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. नुसतं रिफाइंड धान्याऐवजी अख्खा गहू किंवा भरडधान्य घेतलं आणि एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांतल्या ५ टक्के उष्मांकांची जागा डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातल्या प्रथिनांनी घेतली तेव्हा तो कमी दिसला. ताटाच्या भाषेत सांगायचं तर चार पोळ्यांऐवजी चार भाकऱ्या खाऊन काम होत नाही. तीन भाकऱ्या आणि एक वाटी जास्तीची उसळ, असा बदल हवा.

मराठी स्वयंपाकाला हा बदल सोपा आहे. मटकी, मूग, चवळी, हुलगे, पावटा. मोड आणून केलेली उसळ इथे घरोघरी होते. मोड आणताना कडधान्यातलं लोह आणि जस्त अडवून ठेवणारं फायटेट कमी होतं आणि क जीवनसत्त्व तयार होतं. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. ३० ग्रॅम तुरीच्या डाळीच्या वरणातून त्यांतले साडेसहा ग्रॅम मिळतात. पातळ वरणावर आणि भातावर भागवणाऱ्या माणसाला हा आकडा गाठणं अवघड जातं. उसळ, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, दही, अंडं, मासे यांनी तो हळूहळू भरतो. उपासाच्या दिवशी तर उलटंच होतं. सेलम भागात टॅपिओकाच्या कंदापासून होणाऱ्या साबुदाण्यात १०० ग्रॅममागे एक ग्रॅमही प्रथिन नसतं. तो जवळपास निव्वळ स्टार्च. खिचडीत प्रथिनं असतील तर ती दाण्याच्या कुटाची. राजगिऱ्यात मात्र १३ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. उपासाला राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याचं भरीत आणि ताक हे जेवण श्रद्धेलाही चालतं आणि शरीरालाही.

आणि कोशिंबीर. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या नमुना ताटात निम्मा भाग भाज्या आणि फळांचा आहे, दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं. पंगतीतल्या चमचाभर कोशिंबिरीने आणि पळीभर भाजीने तो भरत नाही. जुन्या मांडणीत बदल करायचाच तर हा एक करावा: कोशिंबीर डावीकडून उचलून वाटीभर उजवीकडे आणावी. गाजर, काकडी, मुळा, बीट, पानकोबी, जे स्वस्त असेल ते.

स्वस्त हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. खाण्याची निवड ही नेहमीच माणसाच्या हातात नसते. पाच रुपयांचं बिस्किटाचं पाकीट जिथे बारा महिने मिळतं अशा कितीतरी वस्त्यांवर फळांची गाडी आठवड्यातून एकदाही येत नाही. ऊसतोडीला निघालेल्या बाईला पहाटे चार वाजता चहा-बिस्किटांशिवाय दुसरं काही झेपत नाही. तिला आहाराची सूत्रं ऐकवणं अन्यायाचं होईल. तिच्यासाठी अंगणवाडीत अंडं, रेशनवर डाळ आणि ज्वारी, आणि शेवग्याचं एखादं झाड दारात, यांचा उपयोग जास्त आहे. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, आणि बारा महिने तांदुळजा, अंबाडी यांसारख्या पालेभाज्या अजूनही कमी पैशांत मिळतात, काही तर बांधावर फुकट उगवतात. त्यांना ‘गरिबांची भाजी’ म्हणून हिणवण्याची सवय मोडायला हवी.

या पालेभाज्यांतलं लोह पोटात गेलं तरी रक्तात सहजासहजी जात नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. वनस्पतीतलं लोह शोषलं जायला आंबटाची, म्हणजे क जीवनसत्त्वाची, मदत लागते. ते लोहाचं रूप बदलून आतड्याला ते उचलणं सोपं करतं. पानाच्या डाव्या बाजूला वाढलेली लिंबाची फोड नेमकं हेच काम करते. मेथीच्या भाजीवर, बाजरीच्या भाकरीबरोबरच्या उसळीवर ती पिळावी, अगदी शेवटी, कारण शिजवताना क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. आणि जेवण उरकताच चुलीवर चढणारं चहाचं आधण मात्र याच्या उलट काम करतं. चहातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं. म्हणूनच २०२४च्या सूत्रांमध्ये जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान तासभर चहा-कॉफी नको, असं सांगितलं आहे. दुपारी दीडला जेवणाऱ्या घरात मग चहा अडीचच्या पुढे होतो, तोपर्यंत भांडी घासून होतात, आणि त्या चहात साखर किती घालायची, हे विचारायला कुणीतरी स्वयंपाकघरातून हाक मारतं.